भावाच्या शरीराचीही विचारपूस करणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,
सादर नमस्कार.

माझ्या धाकट्या भावाला अनेक वर्षांपासून स्किझोफ्रेनिया असून रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातून त्याचे उपचार चालू आहेत. भास थांबले आणि तो पुन्हा बागेत कलमांना आळी करू लागला, एवढ्यावरच आम्ही घरची माणसे समाधानी होतो. आपण मात्र आमच्या आरोग्य केंद्रात पहिल्याच भेटीत टेपने त्याच्या पोटाचा घेर मोजलात, वजन आणि रक्तदाब औषधांच्या कागदामागे तारीख घालून लिहिलेत आणि उपाशीपोटी साखर तपासायला सांगितलीत. त्याला चालू असलेल्या ओलान्झापीन या मनोविकारावरील औषधाने भूक खवळते, वजन व साखर वाढू शकते, हे आपल्याकडून कळल्यावर त्याचे पुन्हा पुन्हा ताट मागणे हा हावरटपणा नव्हे, हे सर्वांना पटले. (मागेल तेवढे वाढायचे हा आईचा धर्म; तिला पटवायला आपल्यालाच यावे लागले.)

गंभीर मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा साधारण १० ते २० वर्षे आधी दगावतात आणि त्यांतले बहुतेक मृत्यू हृदयविकार, मधुमेह, श्वसनाचे विकार अशा टाळता येण्याजोग्या शारीरिक आजारांनी होतात, हेही आपणच सांगितलेत.

लावणीच्या दिवसांत त्याच्या छातीत दुखू लागले, तेव्हा एका दवाखान्यात जुना केसपेपर वाचूनच ‘मनाचे खेळ असतील’ म्हणून आम्हाला परत पाठवले होते. आपल्या कानावर येताच, ‘डोक्याचा आजार आहे म्हणून छाती दुखायची थांबते का?’ असे म्हणत आपण वैद्यकीय अधिकाऱ्यांना गाठलेत आणि त्याच दिवशी ईसीजी काढून घेतलात. त्यात दोष निघाला आणि हृदयाचे उपचार वेळेत सुरू झाले.

विडीबाबत आपण दाखवलेली सावधगिरी तर आम्हाला सुचलीच नसती. विडीच्या धुरामुळे ओलान्झापीन शरीरातून लवकर निघून जाते, त्यामुळे विडी एकाएकी सुटली तर नेहमीचाच डोस जास्त ठरू शकतो. म्हणून आधी मनोविकारतज्ज्ञांना कळवा, असे आपण बजावलेत. त्यांच्या सल्ल्याने विडी कमी होत आहे. सुटली, असे मात्र अजून लिहिता येत नाही.

या साऱ्यासाठी आम्ही सर्वजण आपले मनःपूर्वक आभारी आहोत. साखरेची पुढची तपासणी गणपतीनंतर आहे. मोदकांचा हिशेब तेव्हा आपल्याला द्यावाच लागेल.

आपली कृतज्ञ,
रुग्णाची थोरली बहीण