नर्स प्रॅक्टिशनरचे शिक्षण द्या, आणि शिकलेल्या परिचारिकेला पदही द्या

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री आणि मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सन्माननीय महोदय,
स. न. वि. वि.

आम्हा परिचारिकांचे शिक्षण एका खात्याकडे आणि आमची बहुतेक पदे दुसऱ्या खात्याकडे, म्हणून नर्स प्रॅक्टिशनरविषयी, म्हणजे रुग्ण तपासून ठरावीक औषधे स्वतः लिहू शकणाऱ्या परिचारिकेविषयी, हे पत्र आपणा दोघांना एकत्रच लिहिते आहे. एकाकडे गेले की दुसऱ्याकडे बोट दाखवले जाते, हा अनुभव बऱ्याचदा घेऊन झाला आहे.

मी सतरा वर्षे सरकारी नोकरीत अधिपरिचारिका आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या ग्रामीण रुग्णालयात एक आजी सकाळच्या एस.टी.ने आल्या. बी.पी.ची गोळी संपून दीड महिना झाला होता. डॉक्टर शवविच्छेदनाला गेलेले. मी आजींना दहा मिनिटे बसवून दोनदा बी.पी. पाहिले, १८० वर ११०. छातीत दुखत नव्हते, दम लागत नव्हता, पायावर सूज नव्हती. जुन्या केसपेपरवर तीच गोळी, तोच डोस, ओळीने चार वेळा लिहिलेला. गोळ्या माझ्या पाठीमागच्या कपाटात होत्या. पण नव्या केसपेपरवर सही डॉक्टरांचीच लागते आणि त्यांचा फोन लागेना. दुपारची गाडी चुकली तर आजींना मुक्काम पडणार होता. "बाई, तुमीच द्या की. तुमाला ठावं हाये न्हवं?" मला ठाऊक होते. तरी आजी गोळ्यांशिवाय परत गेल्या. रजिस्टरमध्ये त्यांचे नाव मी अजूनही शोधते.

यात डॉक्टरांना मी दोष देत नाही. एका माणसाने ओपीडी, प्रसूती, पोलिस केस आणि शिबिर कुठे कुठे पाहायचे? माझे म्हणणे एवढेच आहे की, अशा रुग्णासाठी लागणारे ज्ञान रीतसर शिकवता येते, त्याची परीक्षा घेता येते आणि पास होणारीला ठरावीक औषधे लिहिण्याचा अधिकार देता येतो.

हे नवीनही नाही. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात १९६५ साली परिचारिका लॉरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचे पहिले शिक्षण सुरू केले. सुरुवात लहान मुलांच्या तपासणीपासून झाली. आज तिथे फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर व्हायचे तर नर्सिंगची पदव्युत्तर पदवी, रुग्णांसोबत शेकडो तासांचे प्रशिक्षण, त्यानंतर राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचा परवाना लागतो. तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्या माणसापर्यंत ती तपासते, निदान करते, औषध लिहिते. काही राज्यांत तिला डॉक्टरांशी करार करावा लागतो, काही राज्यांत लागत नाही. आपल्याला कोणती पद्धत सोसेल ते आपण ठरवू. मला स्वतःला सुरुवातीला डॉक्टरांच्या देखरेखीखालचीच बरी वाटते.

आणि अमेरिका कशाला, आपली गडचिरोली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून घरीच इंजेक्शन द्यायला त्या शिकल्या. ३९ गावांतल्या त्या कामात नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले आणि १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. चोख प्रशिक्षण, कामाची आखलेली हद्द, प्रत्येक बाळाची नोंद आणि सततची देखरेख यांमुळे ते साधले. मग चार वर्षे बी.एस्सी. नर्सिंग आणि दोन वर्षे एम.एस्सी. केलेल्या परिचारिकेबाबत एवढी भीती का?

मी स्वतः बिनपगारी रजा काढून सामुदायिक आरोग्य परिचर्येत एम.एस्सी. केले. परत आले ती त्याच वॉर्डात, त्याच टेबलावर. एम.एस्सी. नंतर वाट जाते ती पाठ्यनिर्देशिकेच्या पदाकडे. शिकवणे मोठे काम आहे, पण ज्या परिचारिकेचा हात रुग्णावर चालतो, तिला शिकल्यावर रुग्णापासून दूर जावे लागते, हे मला पटत नाही.

कागदावर पाहिले तर धोरण आमच्या बाजूने आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनरचा संवर्ग तयार करण्याची शिफारस आहे. अतिदक्षता विभागासाठी नर्सिंगचे शिक्षण ठरवणाऱ्या भारतीय परिचर्या परिषदेने दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी, म्हणजे रुग्णालयात काम करत शिकण्याचा, अभ्यासक्रमही आखला. त्यात वर्गातला अभ्यास २० टक्के, बाकी ८० टक्के प्रत्यक्ष काम. शिक्षण असेच हवे. पण पास झाल्यावर ती कोणत्या पदावर बसणार, कोणती औषधे स्वतःच्या सहीने देणार, याचे उत्तर नसेल तर दोन वर्षे कोण घालवेल?

उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले, ते चांगलेच झाले. पण त्यांचे प्रशिक्षण सहा महिन्यांचे, नेमणूक कंत्राटी, आणि बी.पी.-शुगरच्या गोळ्या द्यायच्या त्याही वैद्यकीय अधिकाऱ्याने लिहून दिल्या तरच. त्यांच्यातल्या नर्सिंग पदवीधर मुलींना तरी पुढची पायरी दाखवा.

१९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी २०२३ चा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा आला. त्यानुसार राज्यांनाही आपापला आयोग नेमायचा आहे. महाराष्ट्राच्या आयोगापुढे हा विषय आपण दोघांनी मिळून ठेवावा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने कुटुंब आरोग्यासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आखावा आणि त्याचा मोठा भाग जिल्हा रुग्णालयात व प्राथमिक आरोग्य केंद्रात, डॉक्टरांच्या शेजारी बसून व्हावा. प्रवेशाची जाहिरात निघण्याआधी पदनिर्मितीचा शासन निर्णय निघावा. औषधांची यादी आणि रुग्ण पुढे कधी पाठवायचा याचे नियम लेखी असावेत. म्हणजे आम्हालाही आधार राहील आणि बोगस डॉक्टर वाढतील ही डॉक्टर मंडळींची भीतीही कमी होईल. ती भीती मी खोटी मानत नाही. गावोगाव काय चालते ते आम्हीही पाहतो.

एका आदिवासी जिल्ह्यात वीस जणींपासून सुरुवात केलीत तरी चालेल. माझे वय एकेचाळीस आहे. पहिल्या तुकडीच्या प्रवेश परीक्षेला मी बसेन.

कळावे,
आपली नम्र,
एक अधिपरिचारिका