मुलांच्या झोपेविषयी पालकसभा

पालक-शिक्षक संघाच्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत, असा शासननिर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला असला, तरी पाचवीपुढची मुले आजही साडेसहाच्या बसमध्ये खिडकीला डोके टेकवून पेंगताना दिसतात, याबद्दल अनेक पालकांनी चिंता व्यक्त केली आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोपेची गरज असते. वाढीचे संप्रेरक गाढ झोपेत अधिक स्रवते आणि दिवसभर शिकलेले झोपेतच पक्के होते. (रात्री अकरापर्यंत घरात टीव्ही आपणच चालू ठेवतो, हेही मान्य करावे लागेल.) शनिवारी सायंकाळी ५ वाजता शाळेच्या सभागृहात होणाऱ्या सभेस येताना पाल्याच्या आठवडाभराच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा लिहून आणाव्यात.

– चिटणीस