धाबं पाडू नकोस

चि. सुनील यास,
अनेक आशीर्वाद.

परसात खोली काढायची म्हणतोस, जरूर काढ. पण "मातीच्या सपाट छताचं जुनं धाबं पाडून सगळाच स्लॅब टाकू" हे गवंड्याचं ऐकू नकोस. दोन फुटी दगडी भिंतीचा गारवा स्लॅबखाली मिळायचा नाही. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात अशीच घरं बसली, हे खरं. पण दोष नुसत्या दगडाचा नव्हता. चिखलातल्या जोडणीचा आणि डोक्यावरच्या ओझ्याचा होता. दोन्ही सुधारता येतात.

आधी माळवद, म्हणजे वरचं मातीचं छत, हलकं कर. गळती थांबवायला दरसाल माती चढत जाते, आता ती पावणेदोन फूट तरी असेल. फूटभर जाडीची माती चौरस फुटाला सुमारे 45 किलो भरते. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीवरून एक फूट उतरवली की जवळपास साडेपाच टन ओझं गेलं. खाली सात-आठ इंच राहू दे, त्यात जाड प्लास्टिकचा कागद अंथर. उतरवलेल्या मातीचा ढीग छतावरच एका जागी लावू देऊ नकोस, तुळई वाकते.

उत्तरेच्या भिंतीनं पोट काढलंय. आत-बाहेरचे दगड एकमेकांत गुंतलेले नसले, की मधला भराव त्यांना असाच ढकलतो. दर तीन-साडेतीन फुटांवर एकेक दगड हळूच काढून आरपार भोक पाडायचं, दोन्ही टोकं वळवलेली 8 मिलीमीटरची सळई घालून काँक्रीट भरायचं. पहारीनं ठोकायचं नाही. दगडांमधल्या दरजा चुन्यात भर. सिमेंटचा गिलावा केलास तर ओल आतच कोंडते आणि चिखल सुटतो.

नव्या खोलीचा पाया काळ्या मातीत थांबवू नकोस. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंत सोबत ओढते. कडक मुरूम लागेपर्यंत खण, भरावही मुरमाचाच घाल. चार-पाच फुटांत मुरूम लागला नाही तर मात्र इंजिनिअरला बोलाव. जुन्या भिंतीलगत सलग चर मारायचा नाही. चार-चार फुटांचे तुकडे एकाआड एक खणून लगेच बांधून घ्यायचे, नाहीतर जुना पाया उघडा पडून भिंत खचते. नवी भिंत जुनीत गुंतवू नकोस. नवं बांधकाम खाली बसणारच, आणि गुंतलेलं असलं की तडा जुन्या भिंतीला जातो. मधे दोन इंच फट सोड, वरून पत्र्याची पट्टी एकाच बाजूला ठोक. जोते, दाराची चौकट आणि छत, तिन्ही पातळ्यांवर सळईचा पट्टा सलग फिरव.

बारा बाय पंधराच्या छतावर 700 मिलीमीटर पाऊस धरला, तर गळती-उडती वजा जाता नऊ हजार लिटर तरी हाती लागतं. पन्हळीचं पाणी टाकीत घे. जिरवायचा खड्डा घरापासून पंधरा फूट लांब, आणि भिंतीभोवती तीन फूट शहाबादी फरशी बाहेर उतार देऊन.

काम दिवाळीनंतर काढ. तेव्हा विहिरीला पाणी असतं. बांधकामावर ओली पोती घालून दहा दिवस सांभाळायचं म्हटलं तर चैत्रात ते टँकरनं घ्यावं लागेल.

तुझी आई विचारते, चुलीमागचा कोनाडा राहणार ना? राहू दे.

तुझे आप्पा