ब्लँकेट की बेडशीट?

सोलापूर

चि. ऋतुजा,
अनेक आशीर्वाद.

वेबसाइटसाठी तू लिहिलेला मजकूर वाचला. फोटो झकास आलेत. पण आपल्या चादरीला वर 'बेडशीट' आणि खाली 'ब्लँकेट' म्हटलंयस. ते एकच नव्हे गं.

इंग्रजांच्या पलंगावर शीट दोन असायच्या, एक गादीवर, एक अंगावर. माणूस त्यांच्या मधे झोपायचा आणि ब्लँकेट सगळ्यात वर. म्हणजे शीट अंथरायची नि ब्लँकेट पांघरायचं, एवढी सोपी वाटणी नाही. अंगाला लागते ती शीट. म्हणून ती पातळ, मऊ, वरचेवर धुवायची. ब्लँकेटचं काम ऊब देणं. टोचलं तरी चालतं, मधे शीट आहेच.

पलंगावरून उतरले तरी दोघांचा स्वभाव तोच. कागदाची शीट, पत्र्याची शीट, दोन्ही सपाट नि पातळ. ब्लँकेट मात्र सगळं झाकून टाकतं. सरसकट बंदी घातली की 'ब्लँकेट बॅन', कुणालाच सूट नाही. रंगाचा बेरंग करणारा तो 'वेट ब्लँकेट', कारण आग विझवायला ओलं ब्लँकेट टाकत. गंमत म्हणजे ब्लँकेट हा शब्द फ्रेंचमधल्या 'पांढरा' या शब्दावरून आला, पण भीतीने पांढरा पडलेला माणूस इंग्रजीत शीटसारखा दिसतो!

आता आपली चादर. जेकार्ड मागावर विणलेली, जाड सुताची. एका बाजूला लालवर पांढरा मोर, उलटी केली की पांढऱ्यावर लाल. थंडीत थेट अंगावर घेतो, उन्हाळ्यात गच्चीवर अंथरतो, आणि धुऊन धुऊन ती मऊ होत जाते. बेडशीट समजून मागवणाऱ्याला ती जाड वाटणार, ब्लँकेट समजून मागवणारा लोकरीची ऊब शोधणार. दोघंही पार्सल परत पाठवतील आणि जाण्यायेण्याचं भाडं आपल्या माथी.

तेव्हा नाव 'सोलापुरी चादर' हेच ठेव, रोमन अक्षरांत. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही चादर म्हणूनच मिळालंय, बेडशीट म्हणून नाही. वर्णनात 'कॉटन ब्लँकेट' घाल, त्यातल्या त्यात जवळचं तेच. 'कॉटन' विसरू नकोस. बेडशीट सगळीकडून काढ. माप इंचात दे, 60 बाय 90. टॉवेलचं पान ठीक आहे, त्याला हात लावू नकोस.

गड्ड्याच्या जत्रेला येणार ना? सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट आत्ताच काढ, संक्रांतीच्या तोंडावर मिळत नाही. बाबा रोज विचारतात.

तुझी,
आई