बठ्ठा पक्षी

बाई, नमस्कार.

समोर आलो की 'बरंय ना?' याच्यापुढे माझी गाडी जात नाही, म्हणून लिहितोय. चारचौघांनी वाचावं म्हणून उघडंच लिहितोय.

आम्ही साक्रीकडचे. नाशकात अकरा वर्षं झाली, तरी घरात अहिराणीच. लेकीला आधी इंग्रजी शाळेत घातलं होतं. तिथल्या मॅडमनी सहा महिन्यांत निकाल लावला: मुलगी मंद आहे, बोलत नाही, घरातली गावठी भाषा बंद करा. आम्ही केलीही बंद! आम्ही दोघं शुद्ध बोलायला लागलो आणि पोर घरातसुद्धा गप्प झाली. फी तेवढी वेळच्या वेळी घेतली त्यांनी.

मग तुमची महापालिकेची शाळा, पहिलीचा वर्ग. एकदा पाण्याची बाटली द्यायला आलो नि खिडकीशी थबकलो. तुम्ही सतरंजीवर बसला होतात, पुस्तक पोरांकडे वळवून. 'झाडावरचे सगळे पक्षी भुर्रकन उडाले.' माझी पोर पुटपुटली, 'बठ्ठा?' आमच्या अहिराणीत सगळे म्हणजे बठ्ठा. वर्ग फिदीफिदी हसला. मी खिडकीतून मागे सरलो. आता काय होणार ते पाहायची हिंमत नव्हती.

तुम्ही म्हणालात, 'हो, बठ्ठा!' आणि तेच वाक्य पुन्हा वाचलंत, 'झाडावरचे बठ्ठा पक्षी भुर्रकन उडाले.' पुस्तकात तसंच छापलं असावं इतक्या सहज. मग सगळ्या वर्गाने हात पसरून भुर्रकन उडून दाखवलं. त्यात माझीही होती.

मी बाइंडिंगच्या कामावर आहे. दिवसभर पुस्तकांची शिलाई करतो, पण लेकीला एक पान कधी वाचून दाखवलं नव्हतं. आता रात्री वाचतो. ती एकच गोष्ट चार-चार दिवस मागते, मधेच थांबवते, 'डोकावला म्हंजे असं' करून पडद्याआडून तोंड काढते. अर्थ पाठ करून घेतला असता तर हे जमलं नसतं. परवा कामावर बोलणी खाऊन घरी आलो, तर विचारते, 'बाबा, तू हिरमुसना का?' शब्द तुमच्या गोष्टीतला, शेपूट अहिराणीचं. ओरडा खाल्लेला विसरलो बघा.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात निदान पाचवीपर्यंत, जमेल तिथे, घरच्या भाषेत शिकवा असं लिहिलंय म्हणतात. लिहिलं असेल. ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी पोरांच्या दारात शाळा नेली, त्याचं कौतुक आपण भाषणात करतो. तुमच्या वर्गात त्या दिवशी ना साहेब होता, ना फोटो काढणारा. लेकराला चारचौघांत खाली पाहायला लावायचं नाही, एवढं साधं माणूसपण. पण ते मिळायला आम्हाला दोन शाळा फिराव्या लागल्या.

आणखी एक. त्या पक्ष्यांच्या पुस्तकाची शिलाई उसवलीय, पानं सुटतात, असं ती सांगते. शनिवारी तिच्या दप्तरात घालून पाठवा. सोमवारी पक्कं बांधून देतो.