सायलेन्सर हलायला हवा म्हणणाऱ्या काकांना

काका, स. न. वि. वि.

कुर्ल्याला सीएसटी रोडवरून आत वळून तुमच्या दुकानाशी जी जुनी ९७० सीसीची जिप्सी भडभडत उभी राहिली होती, तिचा मालक मी. जिप्सी किंगचं १.३ लिटर इंजिन चढवलेली, म्हटलं की आठवेल.

इंजिन झकास बसलं होतं. रडवलं ते सायलेन्सरने. इंजिनचा धूर गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डखालचा पाईप मानेपाशी दोनदा तडकला. आधीच्या गॅरेजने दोन्ही वेळा वेल्डिंग मारलं आणि वर जाड पट्टी घालून पाईप चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, आवळून टाकला. जाड म्हणजे टिकाऊ, हे माझंही गणित होतंच. तिसऱ्यांदा घाटकोपरजवळ हायवेवर तडकला, तेव्हा तुमच्याकडे आलो.

तुम्ही आधी आरसी मागितलीत. नव्या इंजिनची नोंद आहे हे बघितल्यावरच गाडीखाली शिरलात, तेही खडू घेऊन. पाईपवर एक रेघ, शेजारी चासीवर एक. मला म्हणालात, रेस दे. मी वाकून बघतोय तर पाईपवरची रेघ थरथरत इकडे-तिकडे. मग वीस मिनिटं गाडी चालू ठेवलीत. तापल्यावर रेघा जुळेचनात, बोटभर फरक. "लोखंड वाढतं, इंजिन डोलतं. तू दोघांचेही हातपाय बांधलेस. मग मान मोडणारच की!"

घरी जाऊन हिशेब केला काका. तीन मीटर पाईप आणि तापमान ३०० अंशांनी चढलं, तर ३०४ जातीचं स्टेनलेस स्टील १६ मिलिमीटरच्या आसपास वाढतं, साधं लोखंड ११च्या. माझगाव डॉकमध्ये उमेदवारी करताना तुम्ही हे जहाजाच्या पाईपांवर शिकलात, मी इंजिनिअरिंगच्या पुस्तकात वाचून विसरलो होतो.

नंतरचे दोन दिवस मी ऑफिसला दांडी मारून तुमच्या बाकड्यावर बसून काढले. नव्या स्टेनलेस पाईपचा पहिला आधार तुम्ही चासीला न देता गिअरबॉक्सला दिलात, म्हणजे वरचा पाईप इंजिनबरोबर डोलेल. त्याच्या लगेच मागे जाळीची फ्लेक्स, म्हणजे वाकणारा लवचिक तुकडा. तिच्यावर वजन टाकायचं नाही आणि पीळ तर अजिबात द्यायचा नाही, हे पोऱ्याला दोनदा बजावलंत. तिथून मागे सगळं रबरावर टांगलेलं. नुसते टाके मारून पाईप जागेवर जुळवला, मग खाली उतरवून टेबलावर पक्कं आर्गन वेल्डिंग. पाईपची तोंडं अॅल्युमिनियमच्या टेपने बंद करून आतूनही आर्गन गॅस सोडलात, नाहीतर स्टेनलेसचा सांधा आतल्या बाजूने जळून खरबरीत होतो. हे बाहेरून कोणाला दिसणार होतं? गॅसचे पैसेही वेगळे लावले नाहीत.

आणि ती वरात! मागे शेजारच्या दुकानांतली चार पोरं बसवून गाडी खड्ड्यातून काढायला लावलीत. तिसऱ्या हिसक्याला अॅक्सल पाईपला ठण्णकन लागला. मी म्हटलं, चालेल, एवढी माणसं कधी बसतात? तुम्ही उत्तरही न देता बेंड कापलात आणि पुन्हा केलात.

धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचा नट पाईपच्या वरच्या अंगाला लावणं, मफलरच्या, म्हणजे आवाज दाबणाऱ्या डब्याच्या, तळाला बारीक भोक पाडणं, ही तुमची बारीकसारीक कामं मला पावसाळ्यात कळली. अंधेरी ते बीकेसी रांगत जाताना पाईप पुरता तापतच नाही, धुरातली वाफ आतच पाणी होऊन साचते. आता सकाळी गाडी चालू केली की त्या भोकातून चार थेंब गळतात. आमच्या वॉचमनला वाटतं, पेट्रोल गळतंय.

दोन पावसाळे झाले. मान शाबूत आहे. परवा मात्र खाली डोकावलो तर मागचं डावीकडचं रबर चिरलेलं दिसलं. शनिवारी दुपारी घेऊन येतो. वडापाव मी आणेन, तुम्ही फक्त चहा सांगा.

तुमचा,
जिप्सीवाला