चित्रीकरणाची परवानगी म्हणजे रात्रभर गोंगाटाची सूट नव्हे

माननीय मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि. चित्रीकरणाच्या परवानग्यांचा विषय आपल्या खात्याकडे येतो, म्हणून हे पत्र आपल्याला. मी शाळेची बस चालवतो. रोज पहाटे 5 वाजून 40 मिनिटांनी गाडी काढतो, गाडीत 38 मुलं असतात. काल रात्री माझा डोळा लागला तो पावणेचारला.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुना दगडी वाडा आहे. पडद्यावर तो देखणा दिसत असणार, कारण वर्षातून पाच-सहा वेळा तिथे शूटिंग लागतं. काल साडेदहाला जनरेटर व्हॅन आमच्या खिडकीखाली येऊन उभी राहिली, मग खोट्या पावसासाठी पाण्याचे टँकर. एक मोटरसायकल गल्लीत शिरायची, जोरात रेस व्हायची, भोंग्यावरून "कट" ऐकू यायचं आणि ती परत मागे जायची. सोळापर्यंत मी मोजलं. मधल्या वेळात स्पीकरवर गाण्याच्या त्याच दोन ओळी. माझी आई 81 वर्षांची आहे, तिला आता फारसं काही आठवत नाही. ती पलंगावर उठून बसली आणि तीन वेळा मला विचारलं, "कुणाचं लग्न आहे रे?" मी तिला काय सांगणार होतो?

गेल्या मार्चमध्ये आम्ही वीसेक रहिवासी वॉर्डातल्या अधिकाऱ्यांना भेटलो होतो. त्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता की रात्री 10 नंतर इथे चित्रीकरण होणार नाही, आणि दिवसा असलं तरी दोन दिवस आधी कळवू. त्यानंतर मी कॅलेंडरवर फुल्या मारत गेलो. नऊ रात्री झाल्या. बायको म्हणते अकरा. एकदाही कुणी कळवलं नाही.

काल मी 112 ला फोन केला. हवालदार आले, बिचारे सभ्य होते. युनिटच्या माणसाने प्लास्टिकच्या फोल्डरमधला कागद पुढे केला. त्यांनी वाचला आणि मला म्हणाले, "यांच्याकडे परवानगी आहे, काका." आणि गेले. मग मी तो कागद मागून घेतला आणि टॉर्च लावून अक्षर न् अक्षर वाचला. जागा, तारखा, गाड्या उभ्या करायची मुभा, शुल्क भरल्याची नोंद. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की ध्वनिप्रदूषणाचे नियम पाळणे बंधनकारक आहे. आवाजाला सूट दिल्याचा त्यात एक शब्द नव्हता! तरी त्याच कागदावर रात्रभर आवाज चालतो, कारण रस्त्यावर उभा असलेला कुणीच शेवटची ओळ वाचत नाही.

आणि अशी सूट देणार तरी कोण? ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकारला सवलत देता येते ती सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी, तीही रात्री 12 पर्यंत आणि वर्षात सगळे मिळून 15 दिवसांपुरती. कुणाच्या सिनेमातला पाठलाग हा उत्सव नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली शांततेत जगणं हे कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काशी जोडलं. तो हक्क आमच्या गल्लीला लागू नाही का?

माझ्या फोनवर खिडकीत 71 चा आकडा दिसत होता. फोन म्हणजे सरकारी यंत्र नव्हे, पाच-सात इकडेतिकडे धरा. पण डेसिबलमध्ये दर दहाला आवाजाची ऊर्जा दहापट होते, म्हणजे 45 आणि 71 मधलं अंतर जवळजवळ चारशे पटींचं. ज्याला सगळे 'सायलेंट' जनरेटर म्हणतात, त्यालासुद्धा खोक्यापासून एक मीटरवर 75 डेसिबलपर्यंत मुभा आहे. तो खिडकीखाली उभा केला की नियम पाळूनही झोप जाते. लांब केबल टाकून तो मैदानात ठेवता येतो. पण त्यासाठी कुणीतरी सांगावं लागतं.

माझं मागणं मोठं नाही. परवानगीच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहा की हा कागद आवाजाची सूट नाही. तो कागद पोलीस ठाण्यात आधी पोचू द्या. वस्तीत रात्रीचं काम खरोखर अटळ असेल, तर लॉस एंजेलिससारख्या सिनेमाच्या शहरातही ठरल्या वेळेबाहेरच्या कामासाठी शेजाऱ्यांचं मत घेतात, सह्या घेतात. इथे सोसायटीच्या सेक्रेटरीची एक सही पुरते, आणि त्या बदल्यात मिळालेले पैसे कुठे जातात ते आम्हाला सांगितलं जात नाही.

सिनेमावर माझा राग नाही. ते लाइटमन, ते स्पॉटबॉय माझ्यासारखेच रात्र जाळून पोट भरतात. राग आहे तो या व्यवस्थेवर. निर्मात्यासाठी एक खिडकी योजना. आणि माझ्यासाठी? पोलीस म्हणतात महापालिका, महापालिका म्हणते प्रदूषण मंडळ, मंडळ म्हणतं पोलीस. मिरवणुकीचा डीजे असो, रात्रीचं बांधकाम असो, पुढाऱ्याचा वाढदिवस असो, ज्याच्या हातात कागद आहे त्याचं ऐकलं जातं, आणि ज्याला पहाटे उठायचं आहे त्याला "जरा सहन करा" सांगितलं जातं. साहेब, मी किती सहन करू? आज सकाळी उड्डाणपुलाच्या उतारावर माझे डोळे क्षणभर मिटले. मागे पहिलीतली मुलं गाणं म्हणत होती. मी गाडी कडेला घेतली, तोंडावर पाणी मारलं आणि पाच मिनिटं हात थरथरायचे थांबेपर्यंत बसून राहिलो. हे मी त्यांच्या आईवडिलांना अजून सांगितलेलं नाही.

त्या कागदावर अजून दोन तारखा आहेत, गुरुवार आणि शुक्रवार. गुरुवारच्या आत कुणाला तरी पाठवा.

आपला,
एक शाळाबस चालक